शिखरावर सूर्यास्त, तारे मात्र थोडे खाली

हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वताच्या माथ्यावर संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. जाड जॅकेट घातलेली माणसे पश्चिमेकडे तोंड करून थांबलेली असतात. इथे ढग डोक्यावर नसतात, पायाखाली पसरलेले असतात. सूर्य त्या ढगांत बुडतो. मागे वळून पाहिले, तर पर्वताची त्रिकोणी सावली पूर्वेकडे लांबवर पडलेली दिसते. हळूहळू अंधारून येते, पहिला तारा दिसू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी मार्गदर्शक सगळ्यांना गाडीत बसायला सांगतो. तारे पाहायचे असतात ते सुमारे १४०० मीटर खाली उतरून.

नवख्या पर्यटकाला हे पटत नाही. सुमारे ४२०० मीटर उंचीचे शिखर, जगातल्या सर्वोत्तम दुर्बिणी इथेच उभारलेल्या, मग तारे पाहायला खाली कशाला जायचे? पैसे भरले आहेत, हुडहुडी सोसली आहे, आता खरी मजा सुरू होणार तर हे परत फिरवतात! याचे एक कारण दुर्बिणींचे आहे. गाड्यांच्या दिव्यांचा त्यांना त्रास होतो, म्हणून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात पर्यटकांनी माथा सोडायचा असा तिथला नियम आहे. दुसरे कारण वैद्यकशास्त्रातले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. इतक्या उंचीवर माणसाच्या डोळ्यांना तारे कमी दिसतात.

समुद्रकिनाऱ्यावरून दोन तासांत

मौना केआ हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. समुद्राच्या तळापासून मोजला तर त्याची उंची १० हजार मीटरपेक्षा जास्त भरते, म्हणजे एव्हरेस्टहून अधिक. त्याच्या नावाचा अर्थ ‘पांढरा पर्वत’, कारण हिवाळ्यात माथ्यावर बर्फ पडतो. मूळ हवाईयन लोकांसाठी तो पवित्र आहे. म्हणूनच दुर्बिणींजवळ गाडी जात असली, तरी सर्वांत उंच टोकावर पाऊल ठेवू नये अशी विनंती पर्यटकांना केली जाते. ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ ही प्रचंड दुर्बीण याच पर्वतावर उभारायचे ठरले होते. स्थानिकांच्या विरोधामुळे तिचे काम अडले. या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची ‘आयुका’ ही त्यातल्या भारतीय संस्थांपैकी एक.

दुर्बिणींसाठी ही जागा का निवडली? शिखराच्या खाली वातावरणाचा सुमारे ४० टक्के भाग आणि जवळजवळ ९० टक्के बाष्प राहून जाते. ढगही बहुतेक वेळा खालीच अडकतात. वर उरते ती कोरडी, स्थिर आणि विरळ हवा. ताऱ्यांचा प्रकाश तिच्यातून कमी गाळला जातो. दुर्बिणीला जी हवा नको असते, तीच माणसाला हवी असते. सगळी अडचण इथे आहे.

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असे आपण सहज म्हणतो. खरे तर त्याचा वाटा तेवढाच असतो, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. फुफ्फुसांतून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या दाबामुळे. दाब घटला, की प्रत्येक श्वासात शरीराच्या हाती कमी ऑक्सिजन लागतो. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेला ऑक्सिमीटर इथे बोटाला लावला, तर तब्येतीने ठणठणीत असलेल्या माणसाचा आकडाही ८०च्या घरात दिसू शकतो. घरी असा आकडा आला असता तर आपण ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

शरीर गप्प बसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ ऑक्सिजनची पातळी जोखणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या मेंदूला इशारा देतात, श्वास जलद होतो, नाडी वाढते. ही झाली तातडीची सोय. मूत्रपिंडे रक्तातले आम्ल-अल्कली यांचे प्रमाण जुळवून घेतात, त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला काही आठवडे जातात. लष्करी जवान किंवा गिर्यारोहक टप्प्याटप्प्याने चढतात ते याच कारणाने. मौना केआचा पर्यटक मात्र दुपारी समुद्रात पाय बुडवून निघतो. नुसता प्रवासाचा वेळ धरला तर किनाऱ्यापासून माथा जेमतेम दोन तासांवर आहे.

डोळ्यांनाही ऑक्सिजन लागतो

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. मंद तारे आणि आकाशगंगेचा पट्टा दिसतो तो दंडाकार पेशींमुळे. शरीरातल्या सर्वाधिक ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींमध्ये या पडद्याची गणना होते आणि दंडाकार पेशींची भूक तर अंधारात आणखी वाढते. त्यामुळे ऑक्सिजन घटला, की ज्या नजरेने तारे पाहायचे तीच आधी मंदावते.

वैमानिकांना हे फार पूर्वीपासून शिकवले जाते. रात्री साधारण १५०० मीटर उंचीपासूनच नजरेवर परिणाम सुरू होतो, असे विमानचालनाच्या वैद्यकशास्त्रात मानतात. धूम्रपान करणाऱ्यांना त्रास आणखी लवकर होतो, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा आधीच अडवून बसलेला असतो. मौना केआच्या माथ्यावर आकाश विलक्षण काळे आणि स्वच्छ असते, पण ते टिपणारा डोळा उपाशी असतो. तिथे ऑक्सिजनचा मास्क लावला, की तारे एकदम उजळल्यासारखे वाटतात, हा खगोलशास्त्रज्ञांचा जुना अनुभव. २८०० मीटरवर हवा अजूनही स्वच्छ असते, ढग बहुधा खालीच असतात आणि डोळ्यांना त्या मानाने बराच जास्त ऑक्सिजन मिळतो. उघड्या डोळ्यांनी तारे पाहायला ही उंची शिखरापेक्षा सरस ठरते.

खुद्द शास्त्रज्ञही माथ्यावर रात्र काढायला उत्सुक नसतात. दुर्बिणींवर काम करणाऱ्यांच्या झोपण्याची सोय २८०० मीटरवर केलेली आहे. बरीचशी निरीक्षणे तर आता पायथ्याच्या गावांतल्या नियंत्रण कक्षांत बसून केली जातात.

अर्ध्या तासाचा थांबा

२८०० मीटरवर पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. याच बेटावर जन्मलेले आणि १९८६च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेत मृत्यू पावलेले अंतराळवीर एलिसन ओनिझुका यांचे नाव या केंद्राला दिले आहे. वर जाण्यापूर्वी इथे किमान अर्धा तास थांबा, असे सांगितले जाते. सहलीच्या गाड्या इथे किंवा जवळपास थांबतात, जेवण होते, गरम कपडे वाटले जातात.

अर्ध्या तासात शरीर उंचीला सरावते का? पूर्ण नाही. पण या थांब्याचा दुसरा उपयोग मोठा आहे. कोणाला कितपत सोसते ते इथे कळते. २८०० मीटरवरच ज्याचे डोके जड झाले, जिना चढताना ज्याला धाप लागली, त्याने आणखी वर जाऊ नये. ही चाळणी आहे. पण ती चालते ती प्रत्येकाने खरे सांगितले तरच.

अशा एखाद्या गाडीत एक मराठी कुटुंब आहे असे समजू. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला, आईवडील भेटीला आलेले, सगळे मिळून हवाईला गेलेले. वडिलांची दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे. आईचे हिमोग्लोबिन कायमच नऊच्या आसपास. मुलगा विचारतो, ‘आई, बरं वाटतंय ना?’ आई म्हणते, ‘हो रे, जरा डोकं जड वाटतंय इतकंच.’ वडील काहीच बोलत नाहीत. मुलाने इतके पैसे खर्च केले, आपल्यामुळे त्याचा हिरमोड नको, हा त्यांचा विचार. आपल्याकडे पाहुणचार आणि संकोच यांपायी लक्षणे लपवली जातात. उंचीवर हाच संकोच महागात पडू शकतो.

त्यात ऑक्सिजनच्या कमतरतेची एक खोड आहे. ती माणसाची विचारशक्ती मंद करते, पण ते त्याला स्वतःला कळू देत नाही. उलट काहींना उगाच उत्साही वाटते. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही. चाल डळमळते का, बोलणे तुटक होते का, साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लागतो का, हे सोबतच्यांनी पाहायचे असते. चांगला मार्गदर्शक वर असताना गप्पा मारत राहतो, त्यामागे हेही कारण असते.

कोणी वर जाऊ नये?

हृदयविकार किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि १३ वर्षांखालील मुलांनी माहिती केंद्राच्या वर जाऊ नये, असा तिथला सल्ला आहे. लहान मुलांना काय होते आहे ते नीट सांगता येत नाही, हा मुलांच्या बाबतीतला एक धोका. माथ्यावर दवाखाना नाही, उपाहारगृह नाही, पेट्रोलपंप नाही. त्रास झालाच तर वळणावळणाचा रस्ता उतरून यावे लागते.

आपल्याकडच्या वाचकांनी या यादीत आणखी काही नावे घालायला हवीत. रक्तक्षय आपल्या स्त्रियांमध्ये फार आढळतो. हिमोग्लोबिन कमी म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी. सपाटीवर ते निभावून जाते, उंचीवर निभत नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाणे टाळावेच. वाहक एरवी निरोगी असतो, पण उंचीवर कधी कधी त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली जोरदार दुखू लागले तर ते अपचन समजून दुर्लक्ष करू नये.

डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा भरून ठेवलेला असतो. तो विरून जाईपर्यंत उंचावर जायचे नाही, विमानानेही नाही. बाहेरचा दाब घटला की बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. चिप्सचे बंद पाकीट घाटात फुगते, त्यातलाच हा प्रकार.

हवाईत आणखी एक धोका असतो, तो स्कूबा डायव्हिंगचा. सकाळी समुद्रात खोल बुडी आणि संध्याकाळी शिखर असा कार्यक्रम आखण्याचा मोह होतो. पाण्याखाली दाब जास्त असल्याने नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. पुरेसा वेळ न देता एकदम कमी दाबात गेले, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होऊ शकतात. सांधे, मज्जारज्जू, मेंदू कुठेही ते इजा करतात. म्हणून बुडी आणि शिखर यांच्यात किमान २४ तास जाऊ द्यावेत.

रक्तदाब किंवा मधुमेह औषधांनी आटोक्यात असेल तर सरसकट मनाई नसते, पण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. माथ्यावर रात्री तापमान शून्याच्या आसपास जाते, वर वारा असतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आधीच वाढलेली असते. हृदयावर दोन्हीकडून ताण येतो. इन्सुलिन गोठू नये म्हणून ते अंगालगत ठेवावे. ऑक्सिमीटर नेला असेल तर बोट चोळून गरम केल्यावरच लावावा, गार बोटावर आकडा चुकतो.

लडाखचा हिशेब वेगळा

मौना केआवर पर्यटक माथ्यावर थोडाच वेळ असतो. उंचीचा आजार साधारणपणे ६ ते १२ तासांत डोके वर काढतो. तोवर तो हॉटेलात परतलेला असतो. त्यामुळे बहुतेकांचे डोकेदुखी, मळमळ, दम लागणे यांवरच भागते आणि खाली उतरताच बरे वाटते.

भारतातली तारे पाहण्याची प्रसिद्ध जागा म्हणजे लडाखमधले हानले. तिथे २ मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण आहे आणि २०२२पासून तो परिसर काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र आहे. गावातलेच प्रशिक्षित लोक पर्यटकांना दुर्बिणीतून तारे दाखवतात. महाराष्ट्रातून तिकडे जाणारेही बरेच असतात. हानले गाव मौना केआच्या माथ्याइतकेच उंच आहे आणि वेधशाळा सुमारे ४५०० मीटरवर. फरक हा, की इथे मुक्काम करावा लागतो. झोपेत श्वास मंदावतो, ऑक्सिजन आणखी उतरतो. तासाभरात खाली जाण्याची सोय नसते.

म्हणून विमानाने लेहला उतरल्यावर, म्हणजे ३५०० मीटरवर, पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरावेत. पुढचे मुक्काम बेताबेताने उंच असावेत. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असे तज्ज्ञ सांगतात. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, खोकल्यातून गुलाबीसर फेस येणे, तोल जाणे, बरळणे ही लक्षणे फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचत असल्याची असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. मिळेल त्या वाहनाने रुग्णाला खाली न्यावे, ऑक्सिजन द्यावा, इस्पितळ गाठावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तर नक्कीच विचारून. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा जवळ आहे म्हणून उंची वाढवत राहणे धोक्याचे.

तारे पाहताना

उंची कोणतीही असो, अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात दंडाकार पेशींतले प्रकाशसंवेदी रंगद्रव्य पुन्हा तयार होते. त्यासाठी जीवनसत्त्व ‘अ’ लागते. मध्येच मोबाइल उघडला तर बराचसा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. टॉर्च लाल असावी, कारण लाल प्रकाशाने या पेशी फारशा दिपत नाहीत. दिवसा उन्हात गॉगल वापरला तर रात्रीची नजर लवकर सरावते. मंद तारा थेट पाहिला तर हरवतो, थोडे बाजूला पाहिले की दिसतो. पडद्याच्या नेमक्या मध्यभागी दंडाकार पेशी नसतात, म्हणून असे होते. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे आजोबांना नातवापेक्षा थोडे कमी तारे दिसतील. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी.

योगायोग असा, की मौना केआ आणि आपले छत्रपती संभाजीनगर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २०च्या किंचित खाली. त्यामुळे तिथे दिसणारे आकाश आपल्या ओळखीचेच असते. ध्रुवतारा तेवढाच खाली, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतक्या अंतरावर. हिवाळ्यात मृग, व्याध आणि दक्षिणेला अगस्त्य, पावसाळ्याच्या दिवसांत वृश्चिक आणि आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग.

आता त्या कुटुंबाकडे परत येऊ. वडिलांनी अँजिओप्लास्टीचे आणि आईने डोके जड झाल्याचे मोकळेपणाने सांगितले, तर त्या दोघांनी माथ्यावर जायचे नाही हे उघड आहे. त्यांचे काय हुकते? माहिती केंद्राजवळच्या टेकडीवरूनही सूर्यास्त दिसतो. चढ दमवणारा वाटला तर तीही टाळावी. तारे तर सगळ्यांना तिथेच पाहायचे आहेत. मात्र सहलीच्या गाडीतून मध्येच थांबता येते का, हे नोंदणी करतानाच विचारावे. ती सोय नसेल तर घरच्या गाडीने केंद्रापर्यंतच जावे. मुलगा वरून परत येईल तेव्हा आईवडिलांचे डोळे अंधाराला सरावलेले असतील आणि त्याला मृग कुठे आहे ते तेच दाखवतील.

हे लक्षात ठेवा

• उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मद्य व धूम्रपान नको. पाणी पुरेसे, जेवण हलके असावे.

• वर धावपळ करू नये. गाडीतून उतरताना, वाकून उठताना सावकाश.

• डोकेदुखी, मळमळ, चक्कर, धाप यांपैकी काहीही जाणवले तर लगेच मार्गदर्शकाला सांगावे. त्रास असताना आणखी वर चढू नये, त्रास वाढत असेल तर खाली उतरावे.

• सोबतच्यांवर नजर ठेवावी. ‘मी ठीक आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

• हृदयविकार, दमा, रक्तक्षय, सिकलसेल, गर्भारपण किंवा डोळ्याची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.